खाण संपल्यावर जमीन कुणाची? कोळसा खाणींच्या ‘खाणबंदी आराखड्या’बद्दल आपल्याला माहीत असायला हवे असे काही

दरवर्षी १६ जानेवारी आली की उरण तालुक्यातल्या जासईत हुतात्म्यांना अभिवादन होते. १९८४ साली १६ आणि १७ जानेवारीला जासई-दास्तान फाटा आणि नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली जात होती आणि लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा आला. जासईने महाराष्ट्राला शिकवलेली गोष्ट साधी आहे : जमीन घेतली म्हणजे विषय संपत नाही. त्या जमिनीचे पुढे काय होणार आणि त्यात मूळ माणसाचा वाटा किती, हे विचारण्याचा हक्क संपत नाही.

जासईत कोळसा नाही. पण हाच प्रश्न आज विदर्भातल्या कोळसापट्ट्यात उभा आहे, आणि तिथे तो विचारणारे हात कमी आहेत. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत हजारो एकर काळी कसदार जमीन खुल्या कोळसा खाणींखाली गेली. या पट्ट्यात आपल्या समाजाची वस्ती मोठी आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. ज्या भद्रावतीत विजासनची बौद्ध लेणी आहेत, त्याच भद्रावती तालुक्यात आज खाणी आहेत. म्हणून हा विषय ‘तिकडच्या लोकांचा’ म्हणून सोडून देता येत नाही.

खाण संपल्यावर जमीन पुन्हा नीट करून देण्याचा एक आराखडा कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी पैसे बँकेत जमा होतात. त्याची ठरावीक काळाने तपासणी होते. एवढे सगळे असूनही खाणीशेजारच्या बहुतेक गावांना यातले काहीच ठाऊक नसते. ही व्यवस्था कशी चालते आणि तिच्यात आपली जागा कुठे आहे, हे या लेखात समजून घेऊया.

खुली खाण जमिनीचे काय करते?

भूमिगत खाणीत बोगदे खणून कोळसा काढतात. खुल्या खाणीत, म्हणजे ओपनकास्टमध्ये, वरची सगळी जमीनच उचलतात. आधी सुपीक मातीचा थर निघतो. त्याखालचा मुरूम, चिकणमाती आणि दगड सुरुंग लावून फोडतात आणि बाहेर टाकतात. या टाकाऊ मालाला ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. खाणपट्ट्यात सगळे त्याला नुसते ‘ओबी’ म्हणतात. एक टन कोळसा मिळवायला अनेक घनमीटर ओबी हलवावा लागतो. त्यामुळे खाण सुरू झाली की गावाच्या एका बाजूला खोल खड्डा आणि दुसऱ्या बाजूला डोंगर तयार होतो.

शास्त्र सांगते ते असे : वरची सुपीक माती वेगळी काढून वेगळी साठवावी, कारण ती खालच्या दगडमुरुमात मिसळली की कायमची गेली. खड्डा जसजसा पुढे सरकतो तसतसा मागचा भाग ओबीने भरत यावा. बाहेरच्या ढिगाऱ्यांचा उतार सौम्य करावा, पायथ्याशी भिंत आणि भोवती नाले काढावेत, म्हणजे पावसात माती ओढ्यात जाणार नाही. सपाट झालेल्या भागावर साठवलेली सुपीक माती पसरावी आणि मगच लागवड करावी. शेवटी जो खड्डा उरतो त्यात पाणी साठते. ते पाणी वापरण्याजोगे आणि काठ सुरक्षित असावेत.

यातली एकही पायरी शेवटच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. सुपीक माती पहिल्या दिवशी वेगळी काढली नाही, तर वीस वर्षांनी ती आणायची कुठून? आणि काढून वर्षानुवर्षे ढीग करून ठेवली, तर तिच्यातले जिवाणू मरतात, ती निर्जीव होते. म्हणून जमिनीची दुरुस्ती खाणकामाबरोबरच चालायला हवी. तपासणी अधूनमधून करण्याचे कारणही हेच.

आराखडा, पैसा आणि तपासणी

केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २७ ऑगस्ट २००९ रोजी खाणबंदी आराखड्याची, म्हणजे ‘माइन क्लोजर प्लॅन’ची, मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१३ आणि २०२० मध्ये त्यांत सुधारणा झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला मंत्रालयाने नवी तत्त्वे आणली. तपशील बदलत गेले, पण गाभा तोच राहिला. तो तीन भागांत समजून घेता येतो.

पहिला भाग आराखड्याचा. प्रत्येक खाणीचे दोन आराखडे असतात. एक ‘प्रगतिशील’, म्हणजे खाण चालू असताना वर्षागणिक करायच्या दुरुस्तीचा. दुसरा ‘अंतिम’, म्हणजे कोळसा संपल्यावर करायच्या कामांचा. २००९ च्या तत्त्वांनुसार अंतिम आराखडा खाण बंद होण्याच्या किमान पाच वर्षे आधी मंजुरीला द्यायचा असतो. त्यात खड्डा, ढिगारे, सुपीक माती, पाणी, हवा, इमारती आणि सुरक्षितता यांचा हिशेब असतो. आणखी एक प्रकरण असते, ज्याबद्दल कोणी बोलत नाही : खाण बंद झाल्यावर कामगारांवर आणि भोवतालच्या लोकांवर होणारा आर्थिक परिणाम. म्हणजे माणसांचे काय होणार, हे लिहून देणे हा आराखड्याचाच भाग आहे. ती कंपनीची मेहेरबानी नव्हे.

दुसरा भाग पैशाचा. कंपनीने उद्या हात वर केले तर? म्हणून आधीच पैसे बाजूला काढावे लागतात. ते एस्क्रो खात्यात जमा होतात. कंपनी, बँक आणि केंद्राचे कोळसा नियंत्रक यांच्यात त्रिपक्षीय करार होतो आणि नियंत्रकाच्या परवानगीशिवाय कंपनीला त्या पैशाला हात लावता येत नाही. २००९ मध्ये खुल्या खाणीसाठी हा दर हेक्टरी ६ लाख रुपये होता. २०२० मध्ये तो हेक्टरी ९ लाख झाला, आणि महागाईनुसार तो वाढवायचा असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर ९ लाख हेक्टरी म्हणजे एकरी साधारण ३ लाख ६४ हजार. ५०० हेक्टरच्या खाणीमागे ४५ कोटी रुपये. ही रक्कम एकदम नव्हे, तर खाणीच्या आयुष्यात दरवर्षी हप्त्याने भरली जाते.

तिसरा भाग तपासणीचा. २००९ च्या तत्त्वांप्रमाणे दर पाच वर्षांनी आराखड्यानुसार काम झाले का हे पाहायचे, आणि झाले असेल तर व्याजासह जमा रकमेच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम कंपनीला परत द्यायची. उरलेली अंतिम बंदीनंतर. हे पाहणी-प्रमाणपत्र सरकारने मान्य केलेल्या तांत्रिक संस्थांकडून घ्यायचे असते. नागपूरची नीरी त्यात आहे. कोल इंडियाचीच एक शाखा असलेली सीएमपीडीआय ही नियोजन संस्थाही त्यात आहे.

इथे जरा थांबून विचार करूया. महाराष्ट्रातल्या बहुतेक कोळसा खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या आहेत, म्हणजे कोल इंडियाच्याच. खाण खणणारी, आराखडा आखणारी आणि काम तपासणारी संस्था एकाच घरातली असू शकते. आम्ही कोणावर बेइमानीचा आरोप करत नाही. पण ज्याने स्वयंपाक केला त्याच्याच भावाने चव सांगायची, असा हा प्रकार आहे.

उपग्रहाला हिरवे दिसते, माणसाला काय दिसते?

मोठ्या खुल्या खाणींचे पुनर्भरण २००८ पासून उपग्रह छायाचित्रांवरून मोजले जाते. किती क्षेत्र भरले, किती क्षेत्रावर झाडोरा आला, हे आकड्यांत मिळते. ही व्यवस्था उपयोगी आहे. पण उपग्रह वरून हिरवा रंग पाहतो. तो हिरवा रंग कापसाचा, तुरीचा, चाऱ्याचा की सुबाभळीचा आणि काटेरी झुडपांचा, हे गावाला कळते. गाय तिथे चरू शकते का, बाई तिथून सरपण आणू शकते का, विहिरीचे पाणी परत आले का, हे आकाशातून दिसत नाही.

चंद्रपूरकरांना हा फरक अनुभवाने माहीत आहे. शहराजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात २०२२ मध्ये वाघ-बिबट्यांनी माणसे मारली. खाणींच्या आणि वीज केंद्राच्या मोकळ्या पडलेल्या जागांवर माजलेली झुडपे त्या वेळी चर्चेत आली. कागदावर ती ‘हिरवळ’ असेल, शाळेत जाणाऱ्या पोराला ती भीती आहे. इरई नदीच्या काठावर उभ्या राहिलेल्या ओबीच्या डोंगरांबद्दल आणि पुराबद्दलही तिथले लोक वर्षानुवर्षे बोलत आले आहेत.

जुन्या खाणींचे दुखणे तर त्याहून खोल आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. २००९ च्या आधी बंद पडलेल्या खाणींना कोणी वाली नव्हता. त्यांच्यासाठीची वेगळी तत्त्वे मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. आराखडा नसला की त्याची किंमत कोण मोजते, हे घुग्घूसने दाखवून दिले.

न्यायालयानेही याची दखल घेतली आहे. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात सांगितले की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत लावून ती चाऱ्याला आणि इतर वनस्पती-प्राण्यांना योग्य करावी, अशी अट खाणपट्ट्यात घालावी. चारा हा शब्द महत्त्वाचा आहे. न्यायालयाच्या डोळ्यासमोर जनावरे होती, आणि जनावरांमागे माणसे असतात.

जमीन दुरुस्त झाली, पण परत कुणाला?

खरी मेख इथे आहे. कोळशासाठी जमीन बहुतेक वेळा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतली जाते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून या कायद्यालाही लागू झाल्या. पण घेतलेली आणि पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा शासनाच्या जमीन बँकेत परत देण्याबद्दलचे २०१३ च्या कायद्यातले कलम १०१ त्यात आलेले नाही. उलट १३ एप्रिल २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने धोरण मंजूर केले की, कोळसा संपलेली किंवा कोळशाला निरुपयोगी ठरलेली जमीन कोळसा आणि ऊर्जा प्रकल्पांसारख्या कामांना भाडेपट्ट्याने देता येईल. मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहील. म्हणजे कोळसा संपला तरी शेतकऱ्याची जमीन शेतकऱ्याकडे परतण्याची वाट कायद्यात आपोआप उघडत नाही.

आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचे काय? कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा हिशेब आहे. सातबारा असलेल्या घराला यातून काहीतरी मिळते. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात निंदण-खुरपण केले, कापूस वेचला, गायरानात शेळ्या चारल्या, त्याच्या नावावर सातबारा नाही. ही घरे बरीचशी आपली आणि आदिवासींची आहेत. २०१३ चा कायदा तीन वर्षांपासून त्या भागात राबणाऱ्या शेतमजुरालाही ‘बाधित कुटुंब’ मानतो. पण यादी करताना त्याचे नाव आले की नाही, हे कोण पाहणार?

भूमिहीनांच्या जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये सत्याग्रह उभे केले. मागणी पडीक आणि सरकारी जमिनीची होती. खाण संपल्यावर दुरुस्त झालेली जमीन आज सरकारी कंपनीकडे आहे. तिचा एक भाग गावाच्या सामूहिक वापराला, भूमिहीन कुटुंबांच्या सहकारी शेतीला, चाऱ्याला आणि मासेमारीच्या तळ्याला का मिळू नये? ही मागणी नवी नाही. जुन्याच मागणीची ती पुढची पायरी आहे.

बाहेर काय होते?

अमेरिकेत १९७७ मध्ये खुल्या कोळसा खाणींच्या जमिनीसाठी वेगळा केंद्रीय कायदा झाला. तिथेही कंपनीला आधी अनामत ठेवावी लागते. पण ती परत मागताना कंपनीला स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. जमिनीचा मालक आणि शेजारी हरकत घेऊ शकतात, सुनावणी मागू शकतात. अनामत टप्प्याटप्प्याने सुटते : खड्डा भरून जमीन सारखी केल्यावर काही, झाडोरा उभा राहिल्यावर काही, आणि लागवडीनंतर किमान पाच वर्षे, कमी पावसाच्या प्रदेशात दहा वर्षे, तो टिकल्यावर उरलेली. उत्तम शेतजमीन असेल तर तिचे उत्पन्न शेजारच्या तशाच जमिनीच्या बरोबरीला आले पाहिजे. तिथेही कंपन्या दिवाळखोर झाल्या आणि वाद झाले. तरी ‘पैसे सोडण्याआधी शेजाऱ्याला विचारा’ हे तत्त्व त्यांच्या कायद्यात आहे. आपल्या २००९ च्या तत्त्वांत रक्कम सोडण्याआधी गावाची सुनावणी घेण्याची अट नाही. आपली उणीव नेमकी ही आहे.

जुलै २०२५ मध्ये कोळसा मंत्रालयाने ‘रिक्लेम’ नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. खाणबंदीत लोकांना कसे सहभागी करून घ्यावे, याचे मार्गदर्शन त्यात आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण मार्गदर्शन आणि हक्क यांत अंतर असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आपण काय करू शकतो?

खाणीजवळ राहणाऱ्या आपल्या बांधवांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी, तालुक्यातल्या संघटनांनी आणि विहारांच्या समित्यांनी पुढचे पाच प्रश्न लेखी विचारावेत :

१. आमच्या गावाजवळच्या खाणीचा मंजूर खाणबंदी आराखडा कोणता? त्याची प्रत द्या.
२. एस्क्रो खात्यात आजवर किती रक्कम जमा झाली, किती परत दिली आणि कोणत्या प्रमाणपत्रावर?
३. सुपीक माती कुठे साठवली आहे, किती आहे आणि ती कुठे पसरली?
४. शेवटी उरणाऱ्या खड्ड्याचे आणि पाण्याचे नियोजन काय? काठाला कुंपण आहे का?
५. भूमिहीन बाधित कुटुंबांची यादी कुठे आहे, आणि खाण संपल्यावर त्यांच्या उपजीविकेसाठी आराखड्यात काय लिहिले आहे?

माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांत हा अर्ज होतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. सरकारी कोळसा कंपनी सार्वजनिक प्राधिकरण असल्याने तिला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. खाण खासगी असेल तर अर्ज कोळसा नियंत्रकांकडे करावा. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचे सहामाही अहवाल कंपनीला १ जून आणि १ डिसेंबरला द्यावे लागतात, आणि ते सार्वजनिक कागद आहेत. पर्यावरण मंत्रालयाचे विभागीय कार्यालय नागपुरातच आहे.

नवी खाण येणार असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणी चुकवू नका. बहुतेक भाषणे नोकरी आणि मोबदल्यावर होतात. ती व्हायलाच हवीत. पण एक तरी माणूस उठून म्हणायला हवा, ‘खाण संपल्यावर ही जमीन कशी असेल आणि कुणाची असेल, ते इतिवृत्तात लिहा.’ इतिवृत्त तिथल्या तिथे वाचून दाखवणे बंधनकारक आहे. आपले वाक्य त्यात आले का ते ऐकून मगच घरी जा. विस्ताराच्या नावाखाली सुनावणीतून सूट घेतली जात असेल, तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची पोच ठेवा.

शेवटी

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी सुरू झाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर घ्यायचा आणि तो कामगारांच्या घर-पाणी-दवाखान्यासाठी वापरायचा, अशी ती रचना होती. संपत्ती निघतानाच तिचा एक हिस्सा माणसांसाठी बाजूला काढून ठेवायचा, हा त्यामागचा विचार. एस्क्रो खात्यातला हेक्टरी पैसा त्याच जातीचा आहे. तो आपल्यासाठीच ठेवलेला आहे, फक्त आपल्याला तसे कोणी सांगितलेले नाही.

संयुक्त निकायातल्या वनरोप सुत्तात, ज्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते अशा माणसांत भगवान बुद्ध वने-उपवने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया आणि विहिरी देणारे, निवारा देणारे अशांना एकत्र गणतात. तिथे झाड एकटे येत नाही. त्याच्या शेजारी पाणी, वाट आणि निवारा आहे. खाणीवरच्या लागवडीलाही हीच कसोटी लावूया : तिथून चालणाऱ्या माणसाला सावली, पाणी आणि भाकरी मिळते का?

आणि हे फक्त कोळशापुरते नाही. उरण-पनवेल पट्ट्यातल्या दगडखाणींनाही खाणकाम आराखडा लागतो, फक्त तिथे अधिकार राज्याच्या महसूल आणि खनिकर्म यंत्रणेकडे आहेत. जासईच्या अभिवादनाला जाताना वाटेत फोडलेल्या टेकड्या दिसतात. तिथेही हाच प्रश्न विचारता येतो. पुढची ग्रामसभा जवळच असेल. अर्ज आजच लिहून ठेवा.

जय भीम!